धुक्यातले नऊ होल

शुक्रवारी सकाळी आम्ही सनीव्हेलहून निघालो तेव्हा गाडी मी चालवत होते आणि श्रीकांत शेजारी बसला होता. एरवी हे उलटं असतं. या देशात येऊन आम्हाला सत्तावीस वर्षं झाली, आणि लांबच्या प्रवासात गाडी त्यानेच चालवायची हे कधी न बोलताच ठरून गेलं होतं. पण मार्चमध्ये माझ्या नवऱ्याला हार्ट अटॅक आला, दोन स्टेंट बसले, आणि घरातल्या न बोलता ठरलेल्या बऱ्याच गोष्टी बदलल्या. आता जून लागला होता.

आम्ही दक्षिणेकडे मोरो बे नावाच्या समुद्रकाठच्या छोट्या गावी चाललो होतो. चार तासांचा रस्ता. निमित्त गोल्फचं.

गोल्फ म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर क्लब, साहेब आणि बडी मंडळी येतात. इथे तसं नाही. गावोगावी नगरपालिकेची मैदानं असतात आणि तिथे सुतार, शिक्षक, निवृत्त पोस्टमन असे सगळेच खेळतात. खेळ सांगायला सोपा आहे. एक छोटा पांढरा चेंडू क्लबने (लांब दांड्याची, खाली धातूचं डोकं असलेली काठी) मारत मारत दूरवरच्या खळग्यात घालायचा. खळग्यालाही होल म्हणतात आणि तिथपर्यंतच्या गवताच्या सगळ्या पट्ट्यालाही होलच म्हणतात. असे नऊ किंवा अठरा होल चालत पार करायचे.

श्रीकांत दहा वर्षं दर शनिवारी खेळत होता आणि त्या दहा वर्षांत एकदाही खुशीत घरी आला नव्हता. तो चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे, चुकीला क्षमा नाही अशा कामात मुरलेला. एक फटका चुकला की आठवडाभर तोच घोळवायचा. एकदा रागाने त्याने क्लब तळ्यात फेकला आणि मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतःच शोधायला उतरला. अटॅक आला तो दिवसही शनिवारच होता. खेळून आला, गाडीतून बॅग काढली आणि गॅरेजमध्येच भिंतीला टेकून खाली बसला. मी त्या दिवसापासून गोल्फला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं.

हार्टच्या डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. चालणं चांगलं, मोकळी हवा चांगली, नऊ होल सावकाश खेळायला हरकत नाही, असं त्यांनी तपासणीनंतर सांगितलं. मी तीनदा विचारलं, तीनदा तेच सांगितलं. मग एके दिवशी नाश्त्याच्या टेबलावर श्रीकांत म्हणाला, "मला एकदा बघायचंय, न चिडता खेळता येतं का ते. आपल्या ओळखीचं कुणी नसेल अशा ठिकाणी." त्याच्या बोलण्यात विनंती होती, आणि तो सहसा विनंती करत नाही. मी हो म्हटलं. फक्त मीही बरोबर चालणार असं बजावलं.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. काय काय बिघडू शकतं याची आधीच यादी करायची, हे माझं पोटापाण्याचं काम. या प्रवासाचीही मी यादी केली होती. जिभेखाली ठेवायच्या गोळीच्या दोन बाटल्या, एक त्याच्या खिशात, एक माझ्या पर्समध्ये. रक्तदाब मोजायचं यंत्र. वाटेतली हॉस्पिटलं आणि ती हायवेच्या कोणत्या एक्झिटला येतात ते. शिवाय शिकागोला असणाऱ्या आमच्या मुलीने, ईशाने, माझ्या फोनवर एक सोय करून दिली होती. श्रीकांतच्या मनगटावरचं घड्याळ त्याच्या नाडीचे ठोके मोजायचं आणि तो आकडा मला माझ्या फोनवर दिसायचा. हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

गिलरॉय जवळ आलं की गाडीच्या काचा बंद असल्या तरी लसणाचा वास येतो. इथे लसणाचीच शेती आणि लसणाचेच कारखाने. श्रीकांतने काच खाली केली आणि डोळे मिटून वास घेतला. माझं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं, कारण त्याने तो छातीवर ठेवला होता. सीटबेल्ट सारखा करत होता. पुढे सलिनासच्या खोऱ्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सॅलडच्या पानांचे वाफे होते, हिरवे, जांभळट, पुन्हा हिरवे, आणि त्यांत वाकून काम करणारी, डोक्याला फडकी बांधलेली माणसं. नागपूरची असल्याने मला शेत म्हटलं की संत्र्याच्या बागा आठवतात. ही आखीव, सरळ शेतं मला नेहमी कागदावर काढल्यासारखी वाटतात. श्रीकांत काहीतरी दाखवत होता, पण मी पुढचं हॉस्पिटल किती मैलांवर आहे ते मनात मोजत होते.

किंग सिटीनंतर फोनची रेंज गेली. दोन्हीकडे वाळलेल्या पिवळ्या टेकड्या, मध्येच जमिनीतून तेल उपसणारे पंप मान खाली-वर करणारे, आणि मैलोन्‌मैल माणूस नाही. पहिली विश्रांतीची जागा आली तशी मी गाडी आत घेतली आणि त्याला म्हटलं, जरा पाय मोकळे करू. तो लगेच उतरला नाही. "माझे पाय मोकळे आहेत. तुझंच बघ," एवढं म्हणाला. मग उतरला, आणि बाकावर बसून आम्ही मी बांधून आणलेली ज्वारीची भाकरी आणि कमी मिठाची जवसाची चटणी खाल्ली. जवळच एक ट्रकवाला मोठं बर्गर खात होता. श्रीकांतची नजर दोनदा तिकडे गेली आणि दोनदा परत आली.

पासो रोबल्सपासून रस्ता पश्चिमेला वळतो आणि डोंगर चढून एका खिंडीत पोचतो. तिथून पहिल्यांदा समुद्र दिसतो. आणि समुद्रात उभा असलेला मोरो बेचा प्रसिद्ध कातळ, जणू एखाद्या किल्ल्याचा बालेकिल्ला तेवढा उचलून पाण्यात ठेवला आहे. श्रीकांत पुण्याचा, कॉलेजात असताना सह्याद्रीत भटकलेला. तो म्हणाला, थांब ना इथे पाच मिनिटं. मी थांबले, पण इंजिन बंद केलं नाही.

दुपारी गावात पोचलो. मोरो बे म्हणजे एक बंदर, त्याच्या काठाने लाकडी पायवाट, माशांची हॉटेलं आणि टी-शर्ट विकणारी दुकानं. कातळाच्या पायथ्याशी शांत पाण्यात पाणमांजरं होती. पाठीवर उताणी पडून तरंगत होती, आणि प्रवाहाने वाहून जाऊ नये म्हणून समुद्रशेवाळाच्या लांब दोऱ्या त्यांनी अंगाभोवती गुंडाळून घेतल्या होत्या. एका मादीच्या पोटावर पिल्लू झोपलं होतं. कठड्याशी उभ्या असलेल्या एका कोळ्याने आम्हाला सांगितलं की शिंपले काढायला तळाशी जाताना ती पिल्लाला शेवाळात गुंडाळून वर ठेवते. मी विचारलं, आणि तेवढ्यात काही झालं तर? तो खांदे उडवून म्हणाला, "न जाऊन कसं चालेल? तिला जेवायला नको?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीची खिडकी उघडली तर बाहेर काहीच नव्हतं. कातळ नाही, समुद्र नाही, समोरच्या पार्किंगमधल्या गाड्याही नाहीत. या किनाऱ्याला जूनमध्ये असं धुकं येतं, आणि दुपारपर्यंत हलत नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, खेळ रद्द होईल.

झाला नाही. मैदान गावाबाहेरच्या टेकडीवर होतं. तिथल्या स्टार्टरने (खेळाडूंना क्रमाने मैदानावर सोडणारा माणूस) सांगितलं की शंभर पावलं दिसताहेत, तेवढं इथल्या लोकांना पुरतं. मी नुसतीच बरोबर चालले तर चालेल का, हेही विचारून घेतलं. तो म्हणाला, मागे राहा आणि कुणी मारत असताना बोलू नका. आणि एकट्याने सहसा कुणाला सोडत नाहीत, म्हणून त्याने श्रीकांतबरोबर आणखी एका खेळाडूला जोडून दिलं.

तिचं नाव डोना. वय पंच्याहत्तरच्या आसपास, अंगाने किरकोळ, डोक्यावर लोकरीची टोपी. बाकीच्यांच्या बॅगेत चौदा क्लब असतात, हिच्या बॅगेत पाच. हस्तांदोलन करताना तिने सांगितलं की तिने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, आणि गोल्फ निवृत्तीनंतर शिकली. गुण मांडायचं कार्ड तिने घेतलंच नाही. श्रीकांतने घेतलं आणि पेन्सिल कानावर खोचली.

पहिल्या होलवर श्रीकांतचा चेंडू दहा पावलं सरपटत गेला. त्याची मान आखडलेली मला मागून दिसत होती. त्याने दुसरा फटका मारला, तो उजवीकडच्या निलगिरीच्या झाडांत गेला. मी फोनकडे बघितलं. एकशे चार. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, बरं वाटतंय ना? तो हो म्हणाला. पुढच्या फटक्यानंतर पुन्हा विचारलं. पाणी हवं का, बसायचं का, थंडी वाजते का. तो हो, नाही एवढंच म्हणत राहिला, आणि चेंडू कधी गवतात, कधी वाटेत मुद्दाम केलेल्या वाळूच्या खड्ड्यात जात राहिला.

डोनाचं खेळणं वेगळंच होतं. चेंडूमागे उभी राहून ती आधी वारा कुठून येतोय ते बघायची. गालावर कळेपर्यंत थांबायची. मग एकदाच मारायची, आणि चेंडू घरंगळत पूर्ण थांबेपर्यंत नजर काढायची नाही. तोंडाने फक्त कुठे गेला ते म्हणायची. "कुंपणाच्या अलीकडे." "वाळूत, पुढच्या काठाला." छान नाही, वाईट नाही, अरेरे नाही. मला ते ओळखीचं वाटलं. आमच्या कामात बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, नोंदवायची रीत हीच आहे. काय झालं ते लिहायचं, त्यावर रडायचं नाही. फक्त मी ते नवऱ्याच्या बाबतीत कधी केलं नव्हतं.

तिसऱ्या होलवर श्रीकांत ग्रीनवर (खळग्यात रोवलेल्या झेंड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) पोचला. चेंडू खळग्यापासून हातभर लांब होता. लहान मूलही आत ढकलेल. त्याने वेळ घेतला, ढकलला, आणि चेंडू काठावरून वळसा घेऊन बाहेर गेला. माझ्या हातातल्या फोनवर एकशे अठ्ठावीस आकडा आला. मी तोंड बंद ठेवायला हवं होतं.

"श्री, बस झालं. एकशे अठ्ठावीस झालेत," मी म्हणाले.

तो वळला. आधी माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. मला वाटलं चिडेल. तो चिडला नाही, आणि तेच वाईट होतं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "ईशाने मला तेव्हाच विचारलं होतं, बाबा, इज इट ओके म्हणून. मी हो म्हटलं. पण विद्या, तू माझ्याकडे दुधाकडे बघावं तसं बघतेस. आत्ता उतू जाईल, मग उतू जाईल."

डोनाला मराठी कळायचं कारण नव्हतं. पण ती आपली बॅगेची हातगाडी ओढत पुढच्या होलकडे निघून गेली, आम्हाला जागा द्यायला. मग चौथ्या होलभर श्रीकांत पुढे चालला आणि मी डोनाबरोबर मागे. मी तिला हार्ट अटॅकचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि थोड्या वेळाने आपल्या बसबद्दल बोलायला लागली. सुरुवातीची वर्षं तिचं सगळं लक्ष मागच्या आरशात असायचं. पन्नास पोरं, कोण उठलं, कोण भांडतंय. एका वळणावर ती अशीच आरशात बघत राहिली आणि बस रस्त्याच्या कडेच्या चरात उतरली. कुणाला लागलं नाही. पण त्यानंतर तिने स्वतःला सवय लावली, आरशात एक नजर, मग रस्ता. पुन्हा एक नजर, मग रस्ता.

"आरसा काढून टाकायचा असं नाही," ती म्हणाली. "पण बस तर पुढेच न्यायची असते."

मी मान डोलावली. ऐकायला बरं वाटलं, पण पटलं नव्हतं. तिच्या पन्नास पोरांपैकी एकही गॅरेजमध्ये भिंतीला टेकून पांढरंफटक पडलेलं तिने बघितलं नव्हतं.

पाचवा होल उताराचा आहे. एका बाजूला मैदान संपून झाडी आणि खाली खाडी. तोवर धुकं इतकं दाटलं होतं की शंभर काय, तीस पावलंही दिसत नव्हती. श्रीकांतचा चेंडू झाडीत गेला आणि तो शोधायला उतरला. त्याचं निळं जर्किन आधी राखाडी झालं, मग दिसेनासं झालं. मी फोन बघितला. आकड्याच्या जागी दोन छोट्या रेघा होत्या.

मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली, मोठ्याने. बंदरावरचा धुक्याचा भोंगा तेवढा वाजला. त्या दोन रेघा तशाच होत्या. घड्याळ बंद पडलं असेल, रेंज गेली असेल, हे मला कळत होतं. रोज असल्याच गोष्टी तपासते मी. पण त्या क्षणी रेघांचा एकच अर्थ मला लागत होता. मी उताराने पळत सुटले. निलगिरीच्या सोललेल्या सालींवरून पाय सरकला आणि मी गुडघ्यावर आपटले. पर्स उघडून सगळं सामान पसरलं. गोळ्यांची बाटली समजून त्यातली लिपस्टिक उचलून मुठीत धरली होती हे मला नंतर कळलं.

वरून डोनाचा आवाज आला. थांब, ऐक, असं म्हणत होती. मी श्वास रोखून ऐकलं. डावीकडे, अगदी जवळ, कुणीतरी अगदी हलक्या आवाजात "इकडे" म्हणालं.

तो वीस पावलांवर उभा होता. नीट, दोन पायांवर. त्याच्या समोर, धुक्यातून अर्धवट बाहेर आल्यासारखी, तीन हरणं होती. एक मादी, दोन पाडसं. माझ्या पावलांचा आवाज होताच तिघंही उड्या मारत खाली दिसेनाशी झाली.

"ऐकू येत होत्या माझ्या हाका?" मी विचारलं.

त्याने हरणं गेली तिकडे नजर वळवली, म्हणजे ऐकू येत होत्या. मग मी रडले. गेल्या चौदा आठवड्यांत, हॉस्पिटलातसुद्धा, रडले नव्हते. फोन पुढे करून त्याला त्या दोन रेघा दाखवल्या. त्याने खिशातून घड्याळ काढून दाखवलं. तिसऱ्या होलनंतर त्याने ते काढून खिशात टाकलं होतं.

"उत्तर द्यायला हवं होतं. ते चुकलं माझं," तो म्हणाला. मग खाली पसरलेलं माझं सामान एकेक करून गोळा करायला लागला, आणि मान खाली घालूनच बोलला. "मलाही भीती वाटते, विद्या. जिना चढताना वाटते, आंघोळ करताना वाटते. पण माझी मला पुरे आहे. तुझी पण मीच उचलायची झाली तर मी कुठे जाऊ?"

इतके दिवस मी समजत होते की त्याचा भार मी उचलते आहे.

आम्ही तिथेच एका आडव्या खोडावर बसलो आणि साधासा करार केला. थोडंही काही वाटलं, नुसतं वेगळं वाटलं तरी, तो आपणहून सांगेल. लपवणार नाही, आणि हाक मारली तर ओ देईल, समोर हरणं असोत की वाघ. आणि मी विचारणार नाही. तो म्हणाला, जमेल? मी म्हटलं, माहीत नाही. त्याने घड्याळ पुन्हा मनगटावर बांधलं. मी फोन पर्सच्या तळाशी टाकला. पेन्सिल त्याच्या कानावरून कधीच पडून गेली होती. ती शोधायच्या भानगडीत तो पडला नाही.

वर आलो तर डोना बाकावर बसली होती. मागून आलेल्या दोन गटांना तिने पुढे जाऊ दिलं होतं. माझ्या फाटलेल्या गुडघ्याकडे तिने बघितलं, बाटलीतलं पाणी ओतून तो धुऊन दिला, पण काय झालं म्हणून विचारलं नाही. सहाव्या होलवर मात्र तिने आपल्या पाचांतला एक क्लब माझ्या हातात दिला आणि म्हणाली, मागे कुणी नाहीये, एक मारून बघ.

मी नको नको म्हणत होते. श्रीकांतने चेंडू ठेवून दिला. पहिल्या वेळी क्लब चेंडूला लागलाच नाही. दुसऱ्या वेळी गवताचा गोळा उडाला. डोनाने मला वारा कुठून येतोय ते विचारलं. मला माहीत नव्हतं. मग मी उभी राहिले आणि खरंच शोधला. डाव्या कानाच्या पाळीला गार लागत होतं. समुद्राकडून. निलगिरीचा वास होता, ओल्या गवताचा होता, आणि कापूर थोडा जास्त जळाल्यासारखं काहीतरी होतं, ते काय ते कळेना. मी क्लब फिरवला. हाताला काही लागलं असं वाटलंच नाही, नुसता एक बारीक, कोरडा आवाज झाला, आणि चेंडू वर उठला. धुक्यात जाईपर्यंत मी बघत होते. मग दिसत नव्हता तरी बघत होते.

तो कुठे पडला ते कुणालाच दिसलं नाही. पण मला धस्स झालं ते दुसऱ्याच कारणाने. या एवढ्या वेळात श्रीकांत माझ्या मनात नव्हता. मी झटकन मागे वळले. तो तिथेच होता, दोन्ही हात खिशात घालून, आणि हसत होता. चौदा आठवड्यांत मी त्याच्यावर इतकी नजर ठेवली होती, पण त्याचं हसणं किती दिवसांनी बघत होते कोण जाणे.

पुढचे होल आम्ही सावकाश खेळलो. आम्ही म्हणजे मीसुद्धा, अधूनमधून, डोनाच्या क्लबने. श्रीकांत एकाएकी चांगला खेळायला लागला असं काही झालं नाही. सातव्या होलवर त्याने दोन चेंडू हरवले. पण मारण्याआधी तो थांबत होता, आणि मारल्यावर चेंडू थांबेपर्यंत बघत होता. एकदा चेंडू वाळूत गेला तेव्हा त्याचा जबडा आवळलेला मला दिसला. बराच वेळ तो तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "वाळूत. डावीकडे." आणि निघाला.

आठवा होल चढाचा. अर्ध्या चढावर श्रीकांत उभा राहिला. क्लब जमिनीला टेकवून त्यावर वाकला.

मी त्याच्यापासून चार पावलांवर होते. विचारायचं नाही असं ठरलं होतं. हात पर्सच्या चेनवर गेला होता, तो मी तिथेच ठेवला. त्याची पाठ वर-खाली होत होती. मी डावीकडे बघितलं, जिथून वारा येत होता तिकडे. धुकं विरळ होत होतं आणि खाली पाण्याचा एक राखाडी तुकडा दिसत होता. तेवढ्यावर नजर धरून ठेवली. किती वेळ गेला सांगता येणार नाही. त्याला विचारलं तर म्हणतो, अर्धं मिनिट.

"दम लागलाय," तो म्हणाला. "दुखत नाहीये. दोन मिनिटं बसू या."

आम्ही गवतावर बसलो. डोनाही बसली. दोनाची दहा मिनिटं झाली. त्याने सांगितलं होतं, न विचारता, आणि खरं तेच. तेवढ्यात धुक्यातून कातळाचा माथा वर आला. खालचा भाग नव्हताच. नुसता माथा, हवेत.

नववा होल संपल्यावर डोनाने आम्हा दोघांशी हस्तांदोलन केलं, टोपी सारखी केली आणि पार्किंगकडे निघाली. तिचं आडनावही आम्ही विचारलं नाही. दुपारी बंदरावर श्रीकांतने भाजलेला मासा आणि लिंबू मागवलं. सोबतचे बटाटे त्याने माझ्याकडे सरकवले. मी काही म्हटलं नव्हतं.

रविवारी परतताना गाडी त्याने मागितली. पासो रोबल्सपर्यंतच, असं मी म्हटलं. खिंड चढताना माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. भीती गेली असं मी लिहिणार नाही. ती बहुधा जाणारही नाही. या प्रवासाने एवढंच केलं की भीती माझ्या मांडीवर बसून असली तरी तिच्या खांद्यावरून बाहेर बघता येतं हे कळलं. येताना ज्या टेकड्या मला नुसत्या पिवळ्या दिसल्या होत्या, त्यांवर ओकची झाडं आहेत, एकेकटी, आणि प्रत्येकाखाली सावलीचा गोल, आणि त्या गोलात दाटीवाटीने उभ्या गाई. पासो रोबल्स आलं आणि गेलं. गाडी थांबवायचं आम्हा दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

सलिनासजवळ ईशाचा फोन आला. गाडीच्या स्पीकरवर घेतला. मी तिला मी मारलेल्या चेंडूबद्दल सांगायला लागले. वारा, कानाची पाळी, तो बारीक आवाज, सगळं. बरंच बोलले असणार, कारण मध्येच ती हसून म्हणाली, "आई, दॅट्स ग्रेट, बट हाऊ इज बाबा?"

मी शेजारी बघितलं. तो रस्त्याकडे बघत होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"त्यालाच विचार," मी म्हणाले. "तो सांगेल."